वाहत्या पाण्याची मात्रा

अमेरिकेतील जर्सी सिटी ह्या नगराने पाणीपुरवठ्यासाठी एका खाजगी कंपनीशी करार केला होता. कंपनीने रॉकवे नदीवर बूंटन येथे धरण बांधले, तेथून नगरापर्यंत सुमारे २३ मैल लांबीची जलवाहिनी टाकली आणि १९०४ साली पाणी सोडले. परंतु पाणी शुद्ध व आरोग्यदायी असले पाहिजे, असे करारात लिहिलेले होते. हे पाणी तसे नाही, असे म्हणून नगराने ठरलेली रक्कम देण्याचे नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९०८ साली न्यायाधीशांनी निर्णय दिला तो मोठा मार्मिक होता. वर्षातील बहुतेक दिवस पाणी चांगले असते; मात्र मोठा पाऊस पडला की वरच्या गावांतील घाण वाहून येते आणि त्या थोड्या दिवसांत ते धोक्याचे ठरते. तेव्हा कंपनीने एक तर गटारे बांधावीत, नाही तर दुसरा काही खात्रीचा उपाय योजावा.

कंपनीचे आरोग्य-सल्लागार डॉ. जॉन लील ह्यांनी दुसरा उपाय निवडला. लील ह्यांचे वडीलही वैद्य होते. यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना जडलेल्या आमांशाने पुढे त्यांचा अंत झाला होता. दूषित पाणी म्हणजे काय, हे लील ह्यांना केवळ पुस्तकातून कळलेले नव्हते. त्यांनी ब्लीचिंग पावडर पिण्याच्या पाण्यात कायमची घालण्याचे ठरविले. कापड विरंजित करणारे आणि शौचकूपांची दुर्गंधी मारणारे हे उग्र चूर्ण लोकांच्या पोटात घालावयाचे, ही कल्पनाच त्या काळच्या जाणत्यांना किळसवाणी वाटे. जॉर्ज फुलर ह्या अभियंत्याने ९९ दिवसांत यंत्रणा उभी केली आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी ती सुरू झाली.

क्लोरीन जंतू मारतो, हे त्यापूर्वीच ठाऊक होते. १८९७ मध्ये इंग्लंडातील मेडस्टन येथे विषमज्वराची साथ आली, सुमारे १,९०० माणसे आजारी पडली, तेव्हा तेथील नळ ब्लीचिंग पावडरने धुऊन काढण्यात आले होते. १९०५ मध्ये लिंकन येथे अलेक्झांडर ह्यूस्टन ह्यांनी साथ आटोक्यात आणण्यासाठी पाण्यात क्लोरीनयुक्त द्रवाची धार सतत सोडली. पण ते आपद्धर्म होते. बूंटनचा प्रश्न निराळा होता. घरच्या हंड्यात तुरटी फिरविणे सोपे. हंड्यातले पाणी स्थिर असते, पुन्हा थोडी फिरविता येते. येथे दिवसाला चार कोटी गॅलन पाणी अखंड धावत होते आणि त्याच्या दहा लाख भागांस क्लोरीनचा अर्धा भागही पडावयाचा नव्हता. एवढीशी मात्रा रात्रंदिवस बिनचूक द्यावयाची कशी?

फुलर ह्यांनी ह्याचे उत्तर साध्या साधनांनी दिले. चूर्णाचे पातळ द्रावण टाकीत कालवावयाचे, ते लहान हौदात आणावयाचे, त्या हौदातली पातळी कधी बदलू द्यावयाची नाही, आणि मोजलेल्या छिद्रातून धार पडू द्यावयाची. पातळी तीच, छिद्र तेच, म्हणून धारही तीच. पाण्याचा ओघ मात्र कमीजास्त होई आणि त्याप्रमाणे छिद्र लहानमोठे करण्यास माणूसच लागे.

माणसावर विसंबण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर होते. नळातून काढलेल्या नमुन्यात जंतू आहेत की नाहीत, हे कळण्यास एक-दोन दिवस लागत. तोवर ते पाणी लोकांनी पिऊन टाकलेले असे. नमुन्याची साक्ष खरी, पण ती नेहमी उशिरा येणारी. न्यायालयात लील ह्यांना विचारण्यात आले की, हे पाणी तुम्ही स्वतः प्याल काय, घरच्यांना द्याल काय? त्यांनी निःशंकपणे होकार दिला. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

ओघ मोजण्याची किल्ली फार जुनी होती. नळ मध्येच अरुंद केला तर तेथे वेग वाढतो व दाब उतरतो, हे इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये दाखविले होते. क्लेमेन्स हर्शेल ह्या अभियंत्याने १८८७ च्या सुमारास त्याचे मापक बनविले. आता पाणीच आपला वेग सांगू लागले आणि त्या दाबाने औषधाची झडप उघडता येऊ लागली. ओघ दुप्पट झाला तर दाबातला फरक चौपट होतो, एवढे भान झडप घडविणाऱ्याने ठेवावयाचे. दाबून द्रवरूप केलेला क्लोरीन बरोबर नेता येईल, ही सूचना १९०३ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील व्हिन्सेंट नेस्फील्ड ह्या अधिकाऱ्याने केली होती. हिंदुस्थानातील नोकरीतून निघालेल्या ह्या सूचनेची आठवण आपल्याकडेही फारशी कोणी ठेवलेली नाही. १९१३ मध्ये न्यू जर्सीतच वॅलेस आणि टिअर्नन ह्या दोघांनी क्लोरीन वायू मोजून सोडणारे यंत्र तयार केले.

तरीही ओघ कळला म्हणजे गरज कळली, असे होत नाही. गढूळ पाणी क्लोरीन गिळून टाकते, निवळ पाणी थोडक्यात भागविते. १९१९ मध्ये बाल्टिमोर येथे एबेल वोलमन व लिन एन्स्लो ह्यांनी हे सूत्रबद्ध केले: पाण्याची भूक भागून शेवटी किती क्लोरीन उरतो, ते पाहावे. जंतूंसाठी दोन दिवस थांबावे लागे. उरलेला क्लोरीन मात्र क्षणात दिसतो. पुढे तर नळातून सतत एक बारीक धार काढून, विद्युदग्रांमधील प्रवाहावरून तो मोजणारी व झडपेला हुकूम देणारी उपकरणे आली. त्यांतही एक अडचण निघाली. औषध पडते एके जागी, नमुना निघतो पुढे. मधले अंतर पाण्याने काटेपर्यंत उपकरणाने धीर धरला नाही, तर ते कमी दिसले म्हणून जास्त ओतते आणि जास्त दिसले म्हणून तोडते. मात्रा हिंदकळत राहते. म्हणून त्यांना वाट पाहणेही शिकवावे लागले.

महाराष्ट्रातील कित्येक ग्रामपंचायतींत आजही जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर कालवतो आणि मग गावातल्या अगदी शेवटच्या नळाशी जाऊन नळीभर पाणी घेतो. त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. न झाल्यास तो टाकीकडे परत फिरतो.