कारखान्याचे चित्र कोणी काढले? गंगाराम तांबट आणि वेरूळचे दहावे लेणे

१/ अठराव्या शतकातला कारखाना आतून कसा दिसत असे? फ्रान्सपुरते याचे उत्तर शेकडो छापील चित्रांत मिळते. मराठी मुलखात मात्र हाच प्रश्न आपल्याला पुण्याच्या एका तांबटापाशी आणि तेथून वेरूळच्या एका लेण्यापाशी आणून सोडतो. ती वाट या धाग्यात चालूया. 🧵

२/ आधी शब्दाकडे पाहू. ‘कारखाना’ म्हटले की आज धुराडे डोळ्यांपुढे येते. पण हा शब्द वाफेच्या यंत्राहून जुना आहे. मराठी राज्यकारभारात ‘अठरा कारखाने’ असत : पीलखाना, तोफखाना, जामदारखाना, शिलेखाना, दारूखाना वगैरे. वस्तू जेथे बनते, राखली जाते आणि जिचा हिशेब लिहिला जातो, तो कारखाना.

३/ माणसाच्या बळाऐवजी पाण्याच्या बळावर चालणारे यंत्रही आपल्याला परके नव्हते. आपल्या शहरातील पाणचक्की इ.स. १७४४ च्या सुमाराची. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून, उंचीवरून सोडून जाते फिरवायचे आणि दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंसाठी पीठ दळायचे, अशी ही योजना.

४/ त्याच काळात पॅरिसमध्ये देनी दिदेरो ‘आंसिक्लोपेदी’ हा विश्वकोश सिद्ध करत होता. त्याचे चित्रांचे ११ खंड १७६२ ते १७७२ या काळात निघाले. त्यांतील पुष्कळ पानांची मांडणी ठरलेली आहे : वरच्या भागात कार्यशाळेचे अंतरंग आणि कामात गुंतलेली माणसे, खालच्या भागात त्यांची हत्यारे, सुटी करून मांडलेली.

५/ यांपैकी ९०० हून अधिक चित्रे लुई-जाक गूसिए या एकाच चित्रकाराची. कागद कसा बनतो हे काढण्यासाठी तो मोंतार्जीजवळच्या लांग्ले येथील कागद-गिरणीत गेला होता. आपल्याकडे दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचे कागजीपुरा हे गाव याच हुन्नरावर वसलेले. लगदा, साचा, वाळवण ही कामाची साखळी दोन्हीकडे ओळखू येईल अशीच.

६/ दिदेरोला चित्रेच का हवी होती? कारागिराचे ज्ञान त्याच्या हातात असते. ते शब्दांत पुरते उतरत नाही. शिवाय दिदेरो स्वतः सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा. तरीही त्या पानांवर राबणारी बहुतेक माणसे निनावी आहेत. हत्याराला क्रमांक मिळाला, हाताला नाव मिळाले नाही.

७/ आता पुण्याकडे येऊ. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला. राजकारणाइतकीच त्याला येथील प्राणी, इमारती आणि लेणी यांची जिज्ञासा होती. हे सारे कागदावर उतरवण्यासाठी त्याने ज्या चित्रकाराला हाताशी धरले, त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

८/ नावातच व्यवसाय आहे. तांबट म्हणजे तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडवणारा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही मठारकामाच्या ठोक्यांनी ओळखली जाते. आकार, जाडी आणि गोलाई नजरेने तोलणे हे या व्यवसायाचे पहिले शिक्षण.

९/ गंगारामने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. त्या चित्रावर नोव्हेंबर १७९० असा काळ आहे. हा काळ महत्त्वाचा. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत आला तोच १७९१ मध्ये. शनिवारवाड्यातील चित्रशाळा त्यानंतरची. म्हणजे गंगारामचा हात वेल्सची शिकवणी सुरू होण्यापूर्वीच कामाला लागलेला होता.

१०/ मग वेरूळ. गंगारामने येथील लेणी रेखाटली. लेण्याचे अंतरंग काढणे अवघड असते : उजेड एकाच बाजूने येतो, खांब एकमेकांना झाकतात आणि खोलीचा अंदाज डोळ्याला चकवतो. मॅलेटचे वेरूळवरील सविस्तर वर्णन १७९९ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यासोबतच्या चित्रांचा आधार गंगारामची रेखाटने हाच होता.

११/ मॅलेटने लेण्यांची त्या काळी लोकांत रूढ असलेली नावे टिपून ठेवली. त्यांतले एक ‘विश्वकर्म्याची झोपडी’. हेच आजचे लेणे क्रमांक १०, म्हणजे ‘सुतार का झोपडा’. सातव्या शतकातील हे बौद्ध चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि १० मीटर उंच आहे.

१२/ आत स्तूप, आणि स्तूपापुढे बसलेले बुद्ध. त्यांच्या हातांची मुद्रा प्रवचनाची आहे. पण लोककथा वेगळे सांगते. हा देवांचा कारागीर विश्वकर्मा. डोंगर कोरताना त्याचे बोट कापले, म्हणून ते दुसऱ्या हाताने धरून तो बसला आहे. सुतार मंडळी येथे येऊन या मूर्तीला आपले दैवत मानून पुजत, हे एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी नोंदवले आहे.

१३/ ‘लोकांना बुद्ध ओळखता आले नाहीत’ असे म्हणून ही कथा बाजूला सारणे सोपे आहे. पण आत उभे राहून एकदा वर पाहावे. छताला लाकडी कमानींसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. त्या काहीही पेलत नाहीत. डोंगराला आधाराची गरजच नाही. लाकडी सभागृहाची रचना दगडात जशीच्या तशी जपली आहे, एवढेच.

१४/ ही गोष्ट सुताराच्या नजरेला आधी कळते. मूर्ती कोणाची, याबाबत परंपरेची गल्लत झाली. पण वास्तू कोणत्या कसबातून जन्मली, हे तिने अचूक हेरले. हत्याराने झालेली जखम देवाच्याही हाती पाहणारी ही कथा कामाचा अनुभव असलेल्यांनाच सुचू शकते.

१५/ विश्वकर्म्याचे पाच पुत्र म्हणजे लोहार, सुतार, तांबट, पाथरवट आणि सोनार यांचे मूळपुरुष, अशी परंपरा. त्यांत तांब्याचा तो त्वष्टा. म्हणूनच ‘त्वष्टा कासार’ हे नाव. दिदेरोच्या कोशासाठी चित्रकार बाहेरून कार्यशाळेत शिरला. येथे कारागिराच्या जातीतला माणूसच चित्रकार होऊन विश्वकर्म्याच्या डोंगरात शिरला. हा फरक मोठा आहे.

१६/ पुढे १८०३ मध्ये लंडनला टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली वेरूळचा भव्य चित्रसंग्रह निघाला : २४ दृश्ये, आणि शीर्षकात ‘दख्खनमधील औरंगाबादजवळचे वेरूळ’ असा उल्लेख. रेखाटनांचे श्रेय जेम्स वेल्सला. तो १७९५ मध्येच निवर्तला होता. शीर्षकात गंगारामचे नाव नाही.

१७/ गंगारामची रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत, आणि तेथे ती त्याच्या नावाने नोंदलेली आहेत. हे साधे काम नव्हे. ‘एक देशी चित्रकार’ या शब्दांमागचा माणूस शोधून त्याला नाव परत देणे, हेही इतिहासाचे काम आहे.

१८/ वेरूळला कैलास पाहून परत फिरू नका. दहाव्या लेण्यात जा, नजर वर करा, फासळ्या मोजा. मग अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत छिन्नीचे घाव शोधा. ज्यांनी ते घातले त्यांचे चित्र कोणी काढले नाही. पण त्यांचा कारखाना अजून आतून पाहता येतो.

धागा समाप्त. वेरूळला निघालेल्या मित्रांपर्यंत जरूर पोहोचवा. 🙏