व्हिस्कीची साठवण : उष्णता व प्रकाश

पिंपातल्या व्हिस्कीला उष्णता मानवते. स्कॉटलंडमध्ये वर्षाकाठी सुमारे २ टक्के मद्य लाकडातून उडून जाते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत हीच घट १० टक्क्यांच्या पुढे जाते. मात्र तिथली सिंगल माल्ट चार-पाच वर्षांतच मुरते. बाटलीत मुरणे थांबते, उरते ते नुकसान. तापमान चढले-उतरले की द्रव प्रसरण-आकुंचन पावतो, बुचाजवळून अल्कोहोल व गंधद्रव्ये निसटतात, हवा आत शिरते. प्रकाश त्याहून वाईट: अतिनील किरणांनी रंग फिकटतो, स्वादही बदलतो. दुकानाच्या खिडकीत मांडलेली पारदर्शक बाटली म्हणूनच टाळावी. बाटली अंधारात, उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोलने बूच झिजते. अर्धी रिकामी बाटली लवकर संपवावी किंवा लहान बाटलीत ओतून ठेवावी.