अध्यक्षपदाचे उमेदवार आणि सीमाभागाचा वाचक

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी जोपर्यंत निवडणूक होत असे, तोपर्यंत उमेदवारांची नावे वर्तमानपत्रांत झळकली, की वाचनालयाच्या बाकांवरून एक उद्गार हटकून निघे: 'यंदाचे उमेदवार काही खास नाहीत.' मग मागील संमेलनांच्या अध्यक्षांची नावे निघत, केळकर, खांडेकर, अत्रे, कुसुमाग्रज अशी यादी होई आणि चालू वर्षाचे उमेदवार त्या यादीपुढे आणखीच फिके पडत. ही तुलना पूर्णपणे न्याय्य नव्हती. जुनी यादी सांगताना माणूस निवडक नावेच सांगतो. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्ष श्रीमंत सयाजीराव गायकवाड होते आणि १९३५ च्या इंदूर संमेलनाचे औंधाचे पंतप्रतिनिधी. दोघेही थोर संस्थानिक होते. पण अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला तो मुख्यतः विद्येचे आश्रयदाते म्हणून. ही नावे बाकावरच्या यादीत सहसा येत नसत.

नामांकित माणसे सोडून बेताची माणसे उच्चपदी का निवडली जातात, हा प्रश्न एकट्या मराठी साहित्याचा नाही. जेम्स ब्राइस या इंग्रज विद्वानाने १८८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या देशात थोर पुरुष राष्ट्राध्यक्ष का होत नाहीत, या एकाच प्रश्नाला त्याने त्यात एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्याच्या विवेचनाचा मथितार्थ असा, की ज्याने आयुष्यभर ठाम मते मांडली त्याला शत्रूही तितकेच असतात; पक्षाला मात्र जिंकणारा माणूस हवा असतो, आणि ज्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नाही असा माणूस जिंकण्यास सोपा पडतो. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा याचे ढळढळीत उदाहरण घडले. मॅकाडू आणि स्मिथ हे दोन प्रबळ उमेदवार एकमेकांस हटेनात. अखेर मतदानाच्या १०३ फेऱ्या झाल्यावर थकलेल्या प्रतिनिधींनी जॉन डेव्हिस या तिसऱ्याच गृहस्थांना उमेदवारी दिली. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत कूलिज यांनी त्यांचा सहज पराभव केला.

बेळगावकरांना १९२४ हे साल अगदी निराळ्या कारणाने स्मरते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टिळकवाडीच्या परिसरात उभारलेल्या विजयनगरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधी अध्यक्ष झाले. गांधीजींनी आयुष्यात काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारले ते एवढेच. ज्या गावाने अध्यक्ष म्हणून प्रथम गांधीजींना पाहिले, त्या गावाची अध्यक्षपदाविषयीची अपेक्षा पुढे थोडी चढीच राहिली, तर त्यात नवल नाही.

मराठी साहित्य संमेलन बेळगावात तीनदा भरले: १९२९, १९४६ आणि २००० या साली. तिन्ही अध्यक्षांची प्रकृती इतकी भिन्न, की एका मापाने ते मोजताच येत नाहीत.

१९२९ चे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे. 'काळ' पत्राचे हे संपादक म्हणजे वक्रोक्तीचे सम्राट. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना कारावास झाला आणि १९१० मध्ये सरकारी जाचामुळे 'काळ' बंद पडला. नावाच्या तेजाचा विचार केला, तर यापेक्षा उजळ निवड सापडणे कठीण. परंतु हे तेज दोन दशकांपूर्वीचे होते. बेळगावी अध्यक्षस्थान भूषविले तेव्हा परांजपे पासष्टीच्या घरात होते आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते निवर्तले. संमेलनाने त्यांना हा मान देण्यात फार उशीर केला. मात्र असा विलंब हा संमेलनाचा जुनाच परिपाठ आहे. निवडणारे ज्याच्या लेखणीला आधी बिचकतात, त्याच्या वाट्याला हार येतो तो लेखणी विसावू लागल्यावर.

१९४६ ची गोष्ट याच्या नेमकी उलट. अध्यक्ष होते गजानन त्र्यंबक माडखोलकर. नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक, 'मुक्तात्मा' आणि 'भंगलेले देऊळ' या कादंबऱ्यांचे कर्ते. त्यांच्या कादंबऱ्यांतील राजकारण आणि शृंगार यांच्या मिश्रणावर टीकाकार तुटून पडत. निव्वळ वाङ्मयीन तराजूत घातले, तर फडके-खांडेकरांच्या पंक्तीत त्यांना बसविण्यास आजचा चिकित्सक समीक्षक कचरेल. तरीही मे १९४६ मधील ते संमेलन मराठी माणसाच्या इतिहासात जितके ठळक राहिले, तितके फार थोडी संमेलने राहिली. सर्व मराठी भाषकांचा एकच प्रांत व्हावा, असा ठराव त्या मांडवात झाला, त्याच्या पाठपुराव्यासाठी समिती नेमली गेली आणि जुलैत मुंबईला शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषदेचा पाया घातला गेला. संपादक म्हणून प्रांतोप्रांतीच्या राजकारणाची असलेली जाण येथे उपयोगी पडली. त्या ठरावात ज्यांचे भवितव्य गुंतले होते, ते बेळगाव, निपाणी आणि आसपासचा मराठी मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला, १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने बेळगाव तेथेच ठेवले आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. ठराव संमत झाला त्याच गावाच्या पदरात तो पडला नाही, हा दैवदुर्विलास होय. पण त्याचा दोष त्या वर्षीच्या अध्यक्षांना देता येणार नाही.

म्हणजे तेजस्वी नाव आणि तेजस्वी अध्यक्षपद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हे ध्यानात ठेवले, तरच १९९२ च्या प्रकरणाचा विचार रागलोभाच्या पलीकडे जाऊन करता येतो.

त्या वर्षी संमेलन कोल्हापुरास होते. निपाणीहून कोल्हापूर म्हणजे महामार्गावरचे पुढचे मोठे गाव. सीमाभागाला हे संमेलन जवळजवळ घरचेच. अध्यक्षपदाच्या उमेदवारांत कवयित्री इंदिरा संत होत्या. बालपणाचे नाते निपाणीजवळच्या तवंदीशी, संसार आणि अध्यापन बेळगावात. १९४६ मध्ये, म्हणजे बेळगावात ते गाजलेले संमेलन भरले त्याच साली, पती ना. मा. संत यांचे निधन झाले. पदरी लहान मुले असताना नोकरी सांभाळून त्यांनी 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी', 'बाहुल्या' असे एकेक संग्रह दिले. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवडणुकीच्या वेळी त्यांचे वय ७८ च्या आसपास होते. त्या वेळेपर्यंत संमेलनाला अवघ्या दोनच स्त्री अध्यक्ष लाभल्या होत्या: १९६१ मध्ये ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे आणि १९७५ मध्ये कऱ्हाडला दुर्गा भागवत.

निवडून आले ते विनोदी लेखक आणि प्रवासवर्णनकार रमेश मंत्री.

या निकालाने वाचकांत जी खळबळ उडाली, तिचा प्रतिध्वनी पुढे कित्येक वर्षे उमटत राहिला. अध्यक्ष निवडण्याच्या पद्धतीवर जेव्हा जेव्हा चर्चा झाली, तेव्हा तेव्हा पहिला दाखला इंदिराबाईंच्या पराभवाचा दिला गेला. त्या खळबळीत मंत्री यांच्यावर थोडा अन्यायही झाला. विनोदी लेखक अध्यक्ष झाला म्हणून कोणी नाक मुरडण्याचे कारण नव्हते. १९७४ मध्ये निपाणीपासून दूर नसलेल्या इचलकरंजीच्या संमेलनाचे अध्यक्ष पु. ल. देशपांडे होते. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ मराठी शिकवून गेलेले हे अध्यक्ष बेळगावकरांना परके नव्हते आणि त्यांच्या निवडीला विनोदाचा बाध आला नाही. पुढे १९९८ मध्ये परळीला द. मा. मिरासदार अध्यक्ष झाले, तेही हसविणारेच. मंत्री यांनी विपुल लिहिले, मध्यमवर्गीय वाचकाचे त्यांनी मनोरंजन केले आणि निवडणूक नियमानुसार लढवून ती जिंकली. सल होता तो वेगळा. जिच्या कवितेवर मराठीतील दोन पिढ्या वाढल्या, तिला मते मागावी लागली आणि ती मिळाली नाहीत.

येथे ब्राइसचे विवेचन अर्धेच लागू पडते. इंदिराबाईंनी शत्रू जोडले होते, असे कोणीही म्हणणार नाही. त्यांचा पराभव शत्रूंमुळे झाला नाही. मतदार मोजके असल्यामुळे झाला, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. १९६५ च्या हैदराबाद संमेलनापासून संमेलनाची सूत्रे साहित्य महामंडळाकडे आली. अध्यक्ष निवडण्याचा अधिकार महामंडळाच्या घटक व संलग्न संस्थांचे प्रतिनिधी, निमंत्रक संस्थेचे प्रतिनिधी आणि माजी अध्यक्ष यांच्याकडे असे. उत्तरकाळात ही मतदारयादी हजाराच्या आसपास गेली. पण ग्रंथ विकत घेणारा, वाचनालयाची वर्गणी भरणारा सामान्य वाचक तीत कधीच नव्हता. हजार मतदार ही मोठी चमत्कारिक संख्या आहे. इतके लोक एका दिवाणखान्यात बसवून गुणदोषांची चर्चा करता येत नाही, आणि प्रत्येकाला पत्र पाठवणे किंवा घरी जाऊन भेटणे मात्र शक्य असते. अशा निवडणुकीत ज्याला भेटीगाठींचा कंटाळा नाही, तो पुढे जातो. बेळगावात आपल्या घरी बसून लिहिणाऱ्या वृद्ध कवयित्रीला ही धावपळ जमणारी नव्हती, आणि ती तिने करावी अशी अपेक्षाही तिच्या वाचकांनी धरली नसती.

ज्ञानपीठ पुरस्काराच्या यादीशी ताडून पाहिले, की हे अधिक स्पष्ट होते. मराठीला हा मान चार वेळा मिळाला: १९७४ चा वि. स. खांडेकर, १९८७ चा कुसुमाग्रज, २००३ चा विंदा करंदीकर आणि २०१४ चा भालचंद्र नेमाडे यांना. यांपैकी खांडेकर १९४१ मध्ये सोलापूरला आणि कुसुमाग्रज १९६४ मध्ये मडगावला संमेलनाध्यक्ष झाले होते. म्हणजे दोघेही महामंडळाकडे सूत्रे येण्यापूर्वीचे. करंदीकर आणि नेमाडे अध्यक्ष झालेच नाहीत. यात निवडणाऱ्यांचा दोष किती आणि या लेखकांच्या स्वतःच्या अनिच्छेचा भाग किती, हा हिशेब निराळा. परंतु निवडणुकीच्या वाटेने जाण्यास मोठे लेखक नाखूश असतात, हेही पद्धतीचेच अपयश म्हटले पाहिजे. ज्यांचा बेळगाव-धारवाडशी निकटचा संबंध, ते जी. ए. कुलकर्णी तर सभा-समारंभांपासून इतके दूर राहिले, की त्यांच्या उमेदवारीची कल्पनाही हास्यास्पद वाटावी. तशी पद्धत १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार सभेच्या काळापासूनच अपुरी होती. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, ते तेथे कोणाचे प्रश्न मांडले जातात आणि कोणाचे नाहीत, हे ओळखूनच.

२००० मध्ये बेळगावला तिसऱ्यांदा संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी य. दि. फडके होते. ना कवी, ना कादंबरीकार. व्यासपीठ गाजविणारे वक्ते म्हणूनही त्यांची ख्याती नव्हती. लोकप्रियतेच्या बाजारात हे नाव रूक्ष ठरले असते. पण 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र' या बहुखंडी इतिहासाचा हा लेखक दप्तरे धुंडाळून, तारखा ताडून लिहिणारा होता, आणि भाषावार प्रांतरचनेच्या राजकारणावर त्यांनी १९७९ मध्येच इंग्रजीतून स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. ज्या गावी १९४६ चा ठराव झाला, त्या गावी चोपन्न वर्षांनी त्या चळवळीचा अभ्यासकच अध्यक्ष म्हणून यावा, यात एक औचित्य होते. घोषणांची सीमाभागाला कधीच वाण नव्हती. कागदपत्रांची जाण असलेला माणूस अधिक दुर्मिळ होता. तिन्ही बेळगाव संमेलनांत सर्वांत योग्य निवड कोणती, असे विचारले, तर परांजप्यांचे तेज मान्य करूनही उत्तर फडक्यांच्या बाजूने द्यावे लागते. इंदिरा संत त्याच वर्षी निवर्तल्या. आपल्या गावच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला आले नाही.

२०१८ मध्ये महामंडळाने निवडणुकीची पद्धत मोडीत काढली आणि एकमताने अध्यक्ष निवडण्याचा निर्णय केला. २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड या रीतीने झाली आणि १९९२ ची आठवण असलेल्या अनेकांनी समाधानाचा निःश्वास टाकला. २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या त्या सहाव्या स्त्री अध्यक्ष. लोकसाहित्याच्या या सांगलीकर अभ्यासिका मतांसाठी दारोदार फिरल्या असत्या, असे मानणे कठीण आहे. तथापि एकमतालाही स्वतःच्या अडचणी आहेतच. बंद दाराआड कोणाची नावे मागे पडतात, हे वाचकाला कळत नाही. शिवाय मान उशिरा देण्याची सवय पद्धत बदलून गेलेली नाही: २०२१ च्या नाशिक संमेलनासाठी जयंत नारळीकर यांच्यासारखा वैज्ञानिक लेखक निवडला गेला, पण प्रकृती साथ देत नसल्याने त्यांना मांडवात येता आले नाही.

सीमाभागाने दरम्यान आपली वेगळी वाट पाडली आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा बेळगावच्या परिसरातील गावांत ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. तेथे ना मतदारयादी, ना प्रचारपत्रके. गावातली मंडळी विचारविनिमय करून एखाद्या लेखकाला पत्र घालतात, तो होकार देतो आणि ग्रंथदिंडी निघते. अध्यक्ष महाराष्ट्रभर गाजलेला असतोच असे नाही. पण मांडवात बसलेला शेतकरी, शिक्षक आणि शाळकरी मुलगी त्याला ऐकण्यासाठीच आलेली असतात.