वाकळेवर नाव कुणाचं?

आज आपण वाकळेविषयी बोलणार आहोत. कुणी गोधडी म्हणतं, आपल्या सातारा-सांगलीकडे बऱ्याच घरांत वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळासाठी शिवलं की तेच दुपटं होतं. नाव काहीही घ्या, आत जुन्या कापडाचे थर आणि ते धरून ठेवणारा धावदोरा. हीच वस्तू आता शहरातल्या प्रदर्शनात भिंतीवर टांगलेली दिसते. तिथे तिला आर्ट क्विल्ट म्हणतात आणि शिवणारीला कलाकार. मग आपल्या आज्या-पणज्या कोण होत्या? त्यांचा इतिहास कुठल्या पुस्तकात शोधायचा? आम्हाला वाटतं, तो वाकळेतच वाचावा लागेल.

आधी कापड बघू. वाकळेत नवं कापड कधी घालत नसत. लुगडं अंगावर विरलं, धोतर फाटलं, मुलाचा सदरा आखूड झाला, की ते धुऊन गाठोड्यात जायचं. म्हणजे घरात जे कापड आलं, त्याचा शेवटचा मुक्काम वाकळेत. म्हणून जुनी वाकळ उसवली की आपल्या भागात कुठून काय येत होतं ते थराथराने कळतं. सगळ्यात आत हातमागाचं जाडंभरडं कापड. त्यावर गिरणीचं. मुंबईत पहिली सूतगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणाबरोबर आपल्या घाटावरचीही माणसं तिकडे कामाला गेली. माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पावसाच्या छायेतले. पीक हाताला लागेना तेव्हा घरटी एखादा तरी गडी मुंबईला जायचा. सणाला तो येताना लुगडी, धोतरं, मांजरपाट आणायचा. इकडे जवळच इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, पुढे विट्यातही माग खडखडू लागले. ते सगळं कापड फिरून फिरून आपल्या अंथरुणात आलं.

मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. बऱ्याच जणांचं काम परत उभं राहिलंच नाही, कित्येक घरं गावाकडे परतली. त्याच सुमारास गावच्या बाजारात नायलॉन, टेरिकॉट आणि पुढे पॉलिस्टरच्या पाचवारी साड्या स्वस्त मिळू लागल्या. धुवायला सोप्या, वाळायला झटपट, रंग न जाणाऱ्या. बाईच्या कष्टाला त्या बऱ्याच पडल्या, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण वाकळेचं नुकसान झालं. हे कापड घाम शोषत नाही, थर एकमेकांवर सरकतात, टाका बसत नाही. सुती लुगडं धुण्याने मऊ होत जातं तशी ही साडी होत नाही. जुनं सुती कापड घरात उरेना, तशी वाकळ शिवणारी बाईही उरेना. सोबत सोलापुरी चादर आली, ब्लँकेट आलं. आईने लेकीला शिकवणं तिथे तुटलं.

आता ते शिकवणं कसं चालायचं ते बघा. सुगी आटोपली, राना-शिवारातलं काम हलकं झालं, की चैत्र-वैशाखात अंगणात किंवा पडवीत वाकळ पडायची. खाली एक धड लुगडं पसरायचं. त्यावर तुकडे असे मांडायचे की कुठे उंचवटा नको, कुठे खड्डा नको. वर दुसरं धड लुगडं. कोपऱ्यांवर दगड किंवा तांब्या ठेवायचा म्हणजे कापड हलत नाही. कच्चे टाके घालून कडा आत दुमडायच्या आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. चारी बाजूंनी फिरत फिरत, चौकटीच्या आत चौकट, शेवटी मध्यावर.

कडेपासून सुरू करण्यात सोय होती. चारी बाजूंनी चौघीजणी एकदम बसू शकत. आईच्या शेजारी शिकणारी पोर बसे. तिच्यासमोर आईची ओळ असायची. त्या ओळीला धरून बोटभर अंतरावर आपली ओळ घालायची, एवढाच धडा. शाळेत जसा कित्ता गिरवतात तशी आईची ओळ हाच तिचा कित्ता. आतली चौकट बाहेरच्या चौकटीपेक्षा लहान, म्हणून काम पुढे पुढे सोपं होत जायचं आणि पोरीचा हातही बसत जायचा. मोजपट्टी नाही, खडूची रेघ नाही. तरी रंग कुठला कुठे, हिरव्याशेजारी लाल की पिवळा, ठिगळ चौकोनी की तिकोनी, हे ती बाई ठरवत होती. डोळ्याने तोलून, मनाशी ठरवून केलेल्या या कामाला कला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पण कला म्हणायला आधी बाईचं नाव लागतं. आपल्या भागात बाईच्या कष्टावर नाव कधी लागलं? त्याचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना. १९६५ साली त्याचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला बायका हजारोंनी गेल्या. त्यांचं नाव हजेरीपटावर लागलं, नावासमोर दिवस लागले, दिवसांचे पैसे झाले. उन्हातान्हात दगड फोडणाऱ्या त्याच बाईने घरी बसून महिनाभर वाकळ शिवली, तर तिची हजेरी कुणी मांडली नाही. ते काम 'रिकाम्या वेळचं' ठरलं.

असंच दुसरं उदाहरण म्हसवडचं. तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण सभासद होणाऱ्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकू लागल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचं गणित आम्ही तोंडी करून दाखवतो, म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षर नसलं म्हणून अक्कल नसते असं नाही, हे त्यांनी दाखवलं. मोजपट्टीशिवाय चौकटी जुळवणारी बाई दुसरं काय दाखवत होती?

आता जरा लांबचं बघू. अमेरिकेतही बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९७१ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कलासंग्रहालयाने त्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या आणि लोक थबकून बघू लागले. तिथेच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या बायका, पूर्वी गुलाम असलेल्यांच्या लेकी-नाती, शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. २००२ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, २००६ साली त्या गोधड्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. पण २००७ साली त्यांतल्या काही जणींना कोर्टात जावं लागलं. आमच्या कामाचे आणि नमुन्यांचे पैसे आम्हाला पुरेसे मिळाले नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. नाव जगभर झालं तरी हिशेब आपल्या हातात नसेल तर काय होतं, हे यातून कळतं.

आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंडी शिवतात. त्यांचीही रीत कडेकडून आत जाण्याची. चारी कोपऱ्यांना त्या घडीचे तिकोन लावतात, त्याला फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंडी उघडी दिसते, असं त्या मानतात. मुंबईच्या गीता खंडेलवाल या स्वतः गोधडी-कलाकार. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते २०१३ साली फ्रान्सच्या प्रकाशनाने छापलं. म्हणजे ज्या वाकळी आपण पोत्यावर टाकल्या, गोठ्यात अंथरल्या, त्यांची दखल जगाने घेतली आहे. आता आपण घ्यायची.

गटात वाकळ शिकवायची झाली तर आमचं सांगणं थोडंच आहे. पहिलं, गावात जिचा हात अजून चालतो अशा आजीला गुरू म्हणून बोलवा आणि तिच्या दिवसाचे पैसे द्या. शिलाई मशीन शिकवणाऱ्या बाईंना देतो, तिला का नको? दुसरं, सुरुवात मोठ्या वाकळेने करू नका. दुपटं घ्या, म्हणजे आठ दिवसांत काम पुरं झालेलं दिसतं. तिसरं, कापड सुती निवडा आणि आधी धुऊन घ्या, म्हणजे पुढे आकसत नाही. चौथं, नमुना पुस्तकातून उतरवू नका. घरची जुनी वाकळ समोर ठेवा, तिच्यातल्या चौकटी मोजा, मग आपल्या मनाची करा.

पाचवं हिशेबाचं. रोज तीन तास बसलं आणि महिना लागला, तर नव्वद तास झाले. आठ तासांची एक हजेरी धरली तर सव्वाअकरा हजेऱ्या. तुमच्या गावात शेतमजुरीचा जो दर असेल त्याने गुणा, त्यात दोरा, कापड, धुलाई धरा, वर कसबाचं मोल चढवा. त्याखाली किंमत सांगू नका. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

आणि सहावं, आमच्या मते सगळ्यात मोठं. वाकळेच्या मागे एका कोपऱ्यात हातभर नव्हे, चार बोटांची पांढरी पट्टी लावा. तिच्यावर दोऱ्याने लिहा: शिवणारीचं नाव, गाव, साल, आणि कापड कुणाचं ते. शिकवणारीचंही नाव घाला. लिहिता येत नसेल तर नातीकडून पेन्सिलने काढून घ्या आणि त्यावरून टाका घाला. घरच्या जुन्या वाकळी असतील त्यांनाही अशीच पट्टी लावा, सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर. पन्नास वर्षांनी कुणी ती वाकळ भिंतीवर लावली, तर खाली 'कारागीर अज्ञात' असं लिहायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.