रणगाड्याच्या खेळाची किल्ली

कुलूप सभ्य माणसाकरितां असतें, चोराकरितां नसतें, असें आपल्याकडील वडील माणसें म्हणत आलीं आहेत. ह्या म्हणण्याची परीक्षा पाहावयाची असेल तर संगणकावरील खेळांच्या नकला थांबविण्यासाठीं गेल्या पन्नास वर्षांत जे यत्न झाले त्यांचा इतिहास वाचावा. खेळांच्या गोष्टींत प्रौढांनीं काय म्हणून मन घालावें, असें एखादा वाचक विचारील. परंतु विकत घेतलेली वस्तु घेणाराच्या मालकीची केव्हां होते, हा त्या इतिहासांतील मूळ प्रश्न आहे, आणि तो आपणां सर्वांचा आहे.

छापखाने येण्यापूर्वीं पोथी उतरवून घेणें हें पुण्यकर्म समजत. एक प्रत करावयास महिनेच्या महिने लागत. तेव्हां उतरवून घेणाराविषयीं कोणास मत्सर वाटण्याचें कारण नव्हतें. छपाईनें प्रत स्वस्त केली आणि लेखकाच्या हक्काच्या कायद्याची जरूर पडली. तरीहि छापखाना कांहीं घरोघर नव्हता. संगणकानें हा शेवटचा आडपडदाहि दूर केला. जें यंत्र प्रोग्रॅम चालवितें तेंच त्याची नक्कलहि करितें, आणि ती नक्कल मुळाहून रतिभरहि उणी नसते. १९७६ सालीं बिल गेट्स यांनीं हौशी संगणकवाल्यांस एक अनावृत पत्र लिहिलें व आपला प्रोग्रॅम बहुतेक लोक पैसे न देतांच वापरतात अशी तक्रार केली.

तक्रारीनें भागेना, तेव्हां विक्रेते कुलपाकडे वळले. १९८० सालीं इंग्लंडांत ‘वर्डक्राफ्ट’ नांवाचा लेखनाचा प्रोग्रॅम कमोडोर पेट ह्या संगणकासाठीं निघाला. त्याच्याबरोबर एक लहानसा ठोकळा मिळे. तो संगणकाच्या मागें, कॅसेट-यंत्र जोडण्याच्या जागीं, बसविल्यावांचून प्रोग्रॅम चालत नसे. प्रोग्रॅमची नक्कल कोणीहि करूं शके, पण ठोकळ्याची नक्कल घरबसल्या होत नसे, अशी ही युक्ति. ह्या ठोकळ्यास लोक ‘डोंगल’ म्हणूं लागले. डॉन गॉल नांवाच्या संशोधकावरून हें नांव पडलें अशी एक कथा पुढें एका कंपनीच्या जाहिरातींत आली; पण ती निव्वळ कल्पित होय.

खेळ विकणारांस असा ठोकळा परवडेना. त्यांनीं स्वस्त उपाय काढले. १९८५ सालीं ‘एलीट’ ह्या खेळाबरोबर प्लॅस्टिकचें एक भिंग मिळे. तें पडद्यावर धरलें म्हणजे विस्कटलेलीं दोन अक्षरें वाचतां येत. कांहीं गिऱ्हाइकांच्या हातीं दुसऱ्याच खेळाचें भिंग पडलें, आणि पैसे मोजूनहि त्यांस खेळ उघडेना! ‘एफ-१९’ ह्या विमानांच्या खेळांत (१९८८) पडद्यावर विमान दाखवून त्याचें नांव विचारीत. उत्तर सोबतच्या पुस्तकांत असे. १९९१-९२ च्या सुमारास ‘रोबोकॉप ३’ ह्या खेळास तर खराच डोंगल जोडला होता. पण तो खेळहि थोडक्याच काळांत डोंगलावांचून फिरूं लागला.

असें कां व्हावें? दारावर एक भालदार उभा आहे आणि तो येणारास खूण विचारतो अशी कल्पना करावी. खुणेची नक्कल करणें कठीण असेल, पण भालदारासच तेथून हालविलें तर खूण हवी कोणास? प्रोग्रॅमांत ‘ठोकळा आहे काय?’ हा प्रश्न जेथें विचारलेला असे तेवढीच ओळ जाणता मनुष्य काढून टाकी. मग उरलेला खेळ सर्वांस मोकळा. तात्पर्य, कुलूप भक्कम होतें, पण दाराची चौकट कच्ची होती.

ह्या अनुभवानंतर ‘स्टील बीस्ट्स’ ह्या रणगाड्याच्या खेळानें पुन्हां डोंगलाचीच वाट धरली, म्हणून तो विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. रणगाड्याचे खेळ आणि लष्कर यांचा संबंध जुना आहे. अटारी कंपनीचा ‘बॅटलझोन’ हा खेळ १९८० सालीं निघाला, आणि लौकरच अमेरिकन सैन्याच्या उपयोगासाठीं त्याची एक निराळी आवृत्ति तयार करण्यांत आली. ‘स्टील बीस्ट्स’ हा ईसिम गेम्स ह्या लहानशा कंपनीचा खेळ २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत तोफ डागण्याची दुर्बीण, अंतर मोजण्याची रीति, गोळ्याचा मार्ग हीं इतकीं यथार्थ होतीं कीं डेन्मार्क, स्वीडन, स्पेन इत्यादि देशांच्या सैन्यांनीं त्याची सुधारलेली आवृत्ति शिक्षणासाठीं घेतली. तिचीच घरगुती आवृत्ति २००६ सालीं सामान्य लोकांस मिळूं लागली. तिच्याबरोबर येई ती पेन ड्राइव्हच्या आकाराची एक काडी: जर्मनींतील कार्ल्सरूहे येथील विबू-सिस्टिम्स कंपनीचें ‘कोडमीटर’.

ही काडी नुसती खूण नव्हे. तिच्या पोटांत गुप्त किल्ली सांभाळणारी चीप असते, आणि प्रोग्रॅमच सांकेतिक लिपींत बंद करून दिलेला असतो. काडी लावली म्हणजे तो उलगडतो. येथें भालदार हालवून भागत नाहीं. कारण दारामागें जें आहे तें किल्लीवांचून वाचतांच येत नाहीं. लाखो प्रती खपविणाऱ्या कंपनीस दर प्रतीमागें असा खर्च जड वाटेल. पण थोडक्या, जाणत्या आणि अधिक पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांवर जगणाऱ्या लहान कंपनीस चोरीस गेलेली प्रत न् प्रत जाणवते, आणि काडीची किंमत तिच्या हिशेबांत बसते.

ही काडी म्हणजेच परवाना, असा ह्या व्यवहाराचा नियम होता. प्रोग्रॅम कितीहि संगणकांवर घालावा. ज्यास काडी लावली त्यावर तो चालेल. काडी हरवली तर परवाना गेला. हा नियम कठोर खरा. पण त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. जी वस्तु हरवूं शकते ती मित्रास उसनी देतां येते, मन भरल्यावर विकतां येते, मुलाच्या हातीं ठेवतां येते. पुस्तकाचेंहि असेंच नाहीं काय? पुढें कांहीं मुदतीचे परवाने काडीवांचूनहि मिळूं लागले, आणि इतर बहुतेक खेळांचा सारा व्यवहार इंटरनेटवरील खात्यांत गेला. खातें हरवत नाहीं, ही सोय मोठी आहे. परंतु तें सहसा विकतांहि येत नाहीं, आणि विक्रेत्यानें दुकान मिटलें तर काय उरेल, तें त्याच्या मर्जीवर. ज्या किल्लीस आम्हीं अविश्वासाची खूण म्हणून नांवें ठेविलीं तिनेंच घेणाराची मालकी राखली होती, हें उशिरां ध्यानांत येत आहे.

ह्यावरून डोंगल निर्दोष होता असें कोणी समजूं नये. किल्ली टिकली तरी ती बसण्याची जागा टिकावी लागते. महाराष्ट्रांतील मुद्रकांस हें सांगावयास नको. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या प्रोग्रॅमांवर मराठी मजकुराचीं अगणित पानें जुळविलीं गेलीं, आणि त्यांच्याबरोबर ‘हार्डवेअर लॉक’ येई. ज्या प्रिंटरच्या जागीं जुनीं लॉकें बसत ती जागाच नव्या संगणकांस राहिली नाहीं. आणि तो मजकूर युनिकोडांत नसल्यामुळें वाचावयास तोच टंक लागतो. सीडीवरील कुलपांचीहि तीच गत. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालच्या विंडोज १० मध्यें ‘सेफडिस्क’ ह्या कुलपाचा आधार काढून घेतला, आणि रीतसर विकत घेतलेले कित्येक जुने खेळ मालकांच्या घरांतच बंद पडले. चोरून केलेल्या, कुलूप मोडलेल्या प्रतींस मात्र ह्याची झळ लागली नाहीं.

कायद्यासहि ह्याची दखल घ्यावी लागली. बिघडलेल्या व कालबाह्य झालेल्या डोंगलाचें कुलूप मोडण्यास अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २००३ सालीं सवलत दिली. आपल्याकडे २०१२ सालच्या दुरुस्तीनें कुलूप मोडणें हा गुन्हा ठरला, तो हक्क बुडविण्याच्या हेतूनें केल्यास. हेतूचा हा विचार योग्यच आहे.

कर्त्यास त्याच्या श्रमांचें मोल मिळालें पाहिजे, ह्याविषयीं दुमत नाहीं. तें न मिळतें तर रणगाड्याचा हा खेळ झालाच नसता. परंतु जो कुलूप लावून माल विकतो त्यानें, आपलें दुकान मिटण्यापूर्वीं तें कुलूप काढून देण्याचीहि जबाबदारी पत्करावी. नाहींतर प्रामाणिकपणें पैसे मोजणाऱ्याच्या नातवास एक काडी तेवढी सांपडेल, आणि ती कशाची किल्ली होती हें सांगावयास कोणीहि नसेल.