कात टाकल्यानंतरचे काही तास

मराठीत 'कात टाकणे' हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमीच मंगल अर्थाने येतो. एखादे शहर कात टाकते, एखादे नियतकालिक कात टाकते, एखादा कवी तिसऱ्या संग्रहात कात टाकतो, असे आपण परीक्षणांतून सर्रास लिहितो. या प्रतिमेमागे साप असतो. सापाची नवी त्वचा जुनीच्या खाली तयार असते; जुनी गळून पडली की तो लगेच सळसळत निघून जातो. खेकडाही कात टाकतो. परंतु त्याची गोष्ट इतकी सुखाची नाही. कवच उतरल्यानंतर काही तास तो लोण्यासारखा मऊ असतो, नांगी उगारू शकत नाही, धड पळूही शकत नाही, आणि त्याच वेळात मासे, पक्षी व स्वतःचे जातभाईसुद्धा त्याला खाऊन टाकतात. माणसाने नेमके हेच काही तास हेरले आणि त्यांच्यावर एक व्यापार, एक परिभाषा आणि एक खाद्यसंस्कृती उभी केली. प्रस्तुत लेखात आम्ही त्या काही तासांचा इतिहास सांगू इच्छितो.

स्थळ आहे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची चेसापीक खाडी. तेथील निळ्या खेकड्याचे शास्त्रीय नाव 'कॅलिनेक्टस सॅपिडस' असे आहे. पहिला शब्द ग्रीक, अर्थ 'सुंदर पोहणारा'. दुसरा लॅटिन, अर्थ 'रुचकर'. प्रजातीला हे नाव १८९६ साली मेरी जेन रॅथबन या विदुषीने दिले. महाविद्यालयाची पायरी न चढलेली ही स्त्री स्मिथसोनियन संस्थेत कवचधारी प्राण्यांची जगन्मान्य तज्ज्ञ झाली. एका तरुण साहाय्यकाची नेमणूक व्हावी म्हणून १९१४ मध्ये तिने स्वतःचा पगार सोडला आणि पुढे कित्येक वर्षे विनावेतन काम केले. शास्त्रीय नावांत सहसा वर्णन असते किंवा कुणाच्या तरी स्मरणार्थ वाहिलेली फुले असतात. येथे मात्र सौंदर्य आणि चव एकाच नावात शेजारी बसली आहेत. रसग्रहण शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना या नावाचा हेवा वाटतो.

खेकड्याचे कवच वाढत नाही. आतले शरीर वाढते. म्हणून निळा खेकडा आयुष्यात सुमारे वीस वेळा कात टाकतो. जुन्या कवचाखाली नवे, मऊ आणि चुण्या पडलेले कवच तयार होते. मग पाठीच्या मागच्या कडेला जुने कवच उकलते आणि खेकडा मागे सरकत सरकत त्यातून बाहेर पडतो. डोळ्यांचे देठ, कल्ले, नांग्यांतले मांस, सगळे त्या अरुंद वाटेने ओढून काढावे लागते. बाहेर पडताच तो पाणी शोषून फुगतो. एका कातीत आकार साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढतो. त्यानंतर घड्याळ सुरू होते. काही तासांत त्वचा चामड्यासारखी होते, अर्ध्या दिवसात कागदासारखी कुरकुरीत, आणि दिवसभरात अशी की दाबली तर वाकते पण तुटत नाही. या शेवटच्या अवस्थेला चेसापीकचे कोळी 'बकरम' म्हणतात. होय, तोच शब्द! आपले शिंपी कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम. शब्दांचे प्रवास असे असतात. दोन-तीन दिवसांत खेकडा पुन्हा पूर्ववत कठीण होतो. मात्र मऊ असतानाच त्याला पाण्याबाहेर काढून गारव्यात ठेवले तर कठीण होण्याची क्रिया थांबते. साऱ्या व्यापाराची किल्ली या एका गोष्टीत आहे.

किल्ली हाती असून भागत नाही. दार कोणते ते कळावे लागते. समुद्रातून नुकताच कात टाकलेला खेकडा पकडणे हा योगायोग झाला, त्यावर बाजार चालत नाही. म्हणून कात टाकण्याच्या बेतात असलेला खेकडा ओळखावा लागतो, आणि ही ओळख म्हणजे सरळ सरळ वाचन आहे. खेकड्याच्या शेवटच्या, वल्ह्यासारख्या चपट्या पायाच्या कडेला आतून एक बारीक रेघ उमटते. ती पांढरी असली तर एक-दोन आठवडे आहेत; गुलाबी झाली तर काही दिवस; लाल झाली तर एक ते तीन दिवस. अनुभवी कोळी पाय उजेडाकडे क्षणभर धरतो आणि खेकडा त्या त्या हौदात टाकतो. चुकून कठीण खेकडा मऊ खेकड्यांत गेला तर तो त्यांची मेजवानी करतो. लाल रेघेच्या हौदांवर मग रात्रंदिवस पाळी लागते. दर काही तासांनी दिवा घेऊन कुणीतरी हौद पाहतो आणि मऊ झालेले खेकडे उचलून घेतो. पूर्वी हे हौद म्हणजे खाडीत तरंगणारे लाकडी खोके असत. पुढे किनाऱ्यावर, किंवा पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या खोपटांत, खाडीचे पाणी खेळवलेल्या उथळ टाक्या आल्या. साधन बदलले, रात्रीची जाग तीच राहिली.

या ज्ञानाला बाजार मिळाला तो आगगाडीमुळे. मेरीलँडच्या दक्षिण टोकाला सोमर्स कोव्ह नावाची एक लहानशी वस्ती होती. जॉन क्रिसफील्ड या वकील-राजकारण्याने तेथपर्यंत लोहमार्ग नेला. १८६६ साली गाडी आली आणि गावाने त्याचे नाव घेतले. (धक्क्याची फळी मोडून हे गृहस्थ पाण्यात पडले आणि त्यांची समजूत घालण्यासाठी गावाला त्यांचे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच ती.) प्रथम धंदा कालवांचा होता. तो इतका की गावाचा बराच भाग कालवांच्या शिंपल्यांच्या भरावावर उभा आहे. मऊ खेकड्यांची रवानगी १८७० च्या दशकात सुरू झाली आणि शतकाच्या अखेरीस कालवे ओसरू लागली तेव्हा गावाला खेकड्यांनीच तारले. पेटाऱ्यांत ओले समुद्रगवत अंथरून त्यात जिवंत मऊ खेकडे दाटीने बसवायचे, बर्फाचा गारवा ठेवायचा आणि रात्रीच्या गाडीने फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क गाठायचे. प्रतवारीची नावेही तेव्हाच्या शहरी ग्राहकांची आठवण देतात. लहान ते 'मीडियम', त्यावरचे 'हॉटेल', मग 'प्राइम', 'जंबो' आणि साडेपाच इंचांच्या वरचे 'व्हेल'. हॉटेलच्या ताटात शोभेल तो 'हॉटेल' खेकडा! एच. एल. मेंकनने 'हॅपी डेज' (१९४०) या आठवणींच्या पुस्तकात आपल्या बालपणीच्या बाल्टिमोरच्या अन्नसमृद्धीचे जे चित्र रंगवले आहे, त्यात हा खेकडा मानाने बसलेला दिसतो.

या साऱ्याला साहित्यात स्थान मिळाले ते विल्यम वॉर्नर यांच्या 'ब्यूटिफुल स्विमर्स' (१९७६) या पुस्तकामुळे. स्मिथसोनियनमध्ये अधिकारी असलेल्या या गृहस्थांचे हे पहिले पुस्तक. १९७७ साली त्याला ललितेतर गद्याचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. आमच्या मते हे पुस्तक मराठीच्या विद्यार्थ्यांनी एका कारणासाठी अवश्य वाचावे. आपल्याकडे निसर्गलेखन एका बाजूला आणि ग्रामीण-प्रादेशिक लेखन दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी अभ्यासक्रमापुरती का होईना, घट्ट होऊन बसली आहे. वॉर्नर ती मानत नाहीत. खेकड्याचे जीवशास्त्र आणि कोळ्यांची बोली त्यांना वेगळी करताच येत नाही, कारण खेकड्याचे निम्मे शास्त्र त्या बोलीतच साठलेले आहे. नर म्हणजे 'जिमी', वयात आलेली मादी 'सूक', वयात न आलेली 'सॅली', कात टाकू पाहणारा 'पीलर', कवच उकलू लागलेला 'बस्टर'. नराच्या पोटावरची आकृती वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभासारखी आणि पोक्त मादीची संसदेच्या घुमटासारखी, ही तेथली लहान मुलांनाही पाठ असलेली खूण.

बोलीतला आणखी एक शब्द 'डबलर'. मादी तिच्या शेवटच्या कातीच्या वेळीच मीलनक्षम होते. सामान्यतः आयुष्यात एकदाच. कात टाकण्यापूर्वी काही दिवस नर तिला आपल्या पोटाखाली धरून वाहून नेतो, कात टाकताना राखण करतो, मीलनानंतरही तिचे कवच कठीण होईपर्यंत सोडत नाही. ही जोडी म्हणजे 'डबलर'. कोळी याचाही उपयोग करून घेतात. सापळ्यात आमिष म्हणून एक-दोन धडधाकट जिमी ठेवले की कात टाकायला आलेल्या माद्या आपणहून आत येतात. यावर कुणी हळहळावे तर हळहळावे; पण जी मादी अशी ताटात येते तिची अंडी खाडीला मिळत नाहीत, एवढा हिशेब मात्र खरा आहे. अर्थात खाडीची दुरवस्था एकट्या या सापळ्यांनी केलेली नाही. १९७२ च्या जूनमधील ॲग्नेस वादळाने गोड्या पाण्याचा आणि गाळाचा असा लोंढा आणला की कात टाकताना खेकडे ज्यात लपतात ते समुद्रगवत मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. शेतीची खते आणि शहरांचे सांडपाणी त्याला पुरते सावरू देईनात. २००८ साली अमेरिकी सरकारने या मासेमारीला आपत्तिग्रस्त घोषित केले. उपाय झाले, संख्या वाढली, पुन्हा घसरली. २०२२ च्या हिवाळी गणनेत खाडीत २२ कोटी ७० लाख खेकडे असल्याचा अंदाज निघाला, १९९० मध्ये गणना सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. मऊ खेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेले टँजियर बेट तर स्वतःच झिजत आहे. १८५० पासून त्याची सुमारे दोन तृतीयांश जमीन पाण्याने घेतली.

आता ताटाकडे वळू. मऊ खेकडा सबंध खातात, पायांसकट. शिजवण्याच्या आधी डोळे-तोंडाची कड, दोन्ही बाजूंचे कल्ले आणि पोटावरची झडप कात्रीने काढतात; मग मीठ-मिरी लावलेल्या पिठात घोळवून लोण्यात परततात. बस्स. बाल्टिमोरकडे तो साध्या पावाच्या दोन कापांत ठेवून देतात आणि पाय पावाबाहेर डोकावत राहतात. नवख्याला ते दृश्य भीतिदायक वाटते. जाड पीठ आणि तिखट मसाला यांच्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. त्यांखाली शिळेपण लपते. ताजा मिळवायचा तर ऋतू पाळावा लागतो. मे महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास पहिली मोठी लाट येते आणि सप्टेंबरपर्यंत हंगाम चालतो. त्या काळात किनाऱ्याजवळच्या चांगल्या उपाहारगृहात खेकडा जिवंत येतो आणि मागणी आल्यावर साफ होतो. जानेवारीत यादीत दिसला तर तो गोठवलेला, आणि बहुधा चेसापीकचा नव्हेच. आग्नेय आशियात चिखलातल्या मोठ्या खेकड्यांना एकेका प्लास्टिकच्या डब्यात ठेवून, दर काही तासांनी पाहणी करून, वर्षभर मऊ खेकडे काढले जातात. सुशीच्या गुंडाळीत पाय बाहेर काढून बसतो तो सहसा हाच. मुंबईच्या मोठ्या उपाहारगृहांतही तोच भेटण्याचा संभव अधिक. तो वाईट असतो असे नाही. पण त्याला ऋतू नसतो.

कोकणच्या वाचकांना येथे एक गंमत जाणवेल. आपल्याकडे चिंबोरी घेताना ती दाबून पाहतात. दबली की पोकळ म्हणून परत टोपलीत. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, हा हिशेब किनाऱ्यावर सर्वतोमुखी आहे. म्हणजे पौर्णिमा आणि कात यांचा संबंध दोन्ही किनाऱ्यांवरच्या लोकांनी मानला. एकाने त्यावरून खेकडा नाकारला, दुसऱ्याने त्याचीच वाट पाहिली. आपल्या सारात रस द्यायला भरलेले मांस लागते, लोण्यात परतायला मऊ कवच लागते. रुचीचा इतिहास असा भांड्यापासून सुरू होतो.

युरोपात हीच कला व्हेनिसच्या खाजणात स्वतंत्रपणे वाढली. तेथला खेकडा लहान, हिरवट. कात टाकलेला तो 'मोएके'. वसंत आणि शरद असे दोन छोटे हंगाम. त्याला वाचणारे कोळी 'मोएकांती'. ते खेकड्यांचे तीन वर्ग करतात. लवकरच कात टाकणारे, थोडा अवकाश असलेले, आणि या हंगामात न टाकणारे. या शेवटच्यांना ते 'मात्ती' म्हणतात, म्हणजे वेडे, आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते आणि आता ती जाणणारे फार थोडे उरले आहेत.

आणि त्यांच्या जाळ्यांत आता एक नवा खेकडा येऊ लागला आहे. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून विसाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्रात पोहोचलेला, बराच काळ तुरळक दिसणारा, आणि २०२३ मध्ये पो नदीच्या मुखाशी एवढा माजलेला की शिंपल्यांची शेते फस्त झाली आणि इटलीच्या सरकारला त्याच्या बंदोबस्तासाठी २९ लाख युरो मंजूर करावे लागले. त्याचे नाव कॅलिनेक्टस सॅपिडस. मेरीलँडमध्ये ज्याची गणना दर हिवाळ्यात चिंतेने केली जाते तोच हा, व्हेनिसच्या हिरव्या खेकड्यांना खात, त्यांची जाळी फाडत. रॅथबनबाईंनी दिलेल्या नावातला दुसरा शब्द इटालियन आचाऱ्यांनी मनावर घेतला आहे. त्याच्या शेवटच्या पायावरची रेघ वाचणारे मात्र तेथे अजून फारसे कोणी नाही.