लोणारचा खार

मंडळी, क्रांती चौकातून जालना रोड धरला की काही तासांत आपण लोणारला पोहोचतो. तिथलं पाणी नुसतं खारट नाही, अल्कधर्मी आहे. सामू १० च्या आसपास. हळदीचा कागद बुडवा, तांबडा होतो. लिंबू पिळा, परत पिवळा! साबण-काचेसाठी लागणारा माल इथे मिळतो, हे अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवलंय. खार काढणारे डल्ला, पापडी, भुसकी असे प्रकार वेगळे ओळखत. आणि व्याख्या? लाव्हाझिएनं आम्लाचं मूळ ऑक्सिजनमध्ये शोधलं. १८१० मध्ये डेव्हीनं ते खोडलं, तरी ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाचं ते नाव टिकलंच. आयनांवरून आम्ल-अल्क सांगणारा आऱ्हेनियस त्यानंतर सत्तरेक वर्षांनी आला. आम्ही तत्त्वज्ञानवाले आधी व्याख्या मागतो. लोणारकरांनी तोवर कित्येक पिढ्या खार विकला होता.